हनुवटीवरचा हात

नाताळ अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "रुग्णसेवेतले हृद्य अनुभव लिहा, मॅडम. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." मी एकोणतीस वर्षं डोळ्यांच्या हॉस्पिटलात काढली. डोळ्यांत पाणी येण्याची मला माहीत असलेली कारणं म्हणजे ॲलर्जी, बंद पडलेली अश्रुनलिका आणि बाहुली मोठी करायचे थेंब. हृद्य वगैरे माझ्याकडे काही नाही. जे आहे ते लिहिते. आज हे लिहिताना समोरचा कागद एकच दिसतो आहे, एवढं आधीच सांगून ठेवते, म्हणजे उगाच कुणी माझ्यासाठी हळहळायला नको.

माझं काम काय होतं ते माझ्या सासरच्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या लेखी मी चष्म्याचे नंबर काढणारी. मी चष्म्याचा नंबर कधीही काढला नाही. वसईतल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात मी डोळ्यांचा तिरळेपणा मोजायचे. प्रत्येक डोळ्याला सहा छोटे स्नायू असतात, ते डोळ्याला वर, खाली, आजूबाजूला वळवतात. त्यातला एखादा जास्त ओढायला लागला की दोन डोळे दोन दिशांना बघतात, आणि मोठ्या माणसाला एका वस्तूच्या दोन दिसू लागतात. मी पेशंटला समोरच्या भिंतीवरच्या अक्षराकडे बघायला सांगायचे आणि काळं झाकण एकदा या डोळ्यापुढे, एकदा त्या डोळ्यापुढे धरायचे. झाकण बदललं की वाकडा डोळा उडी मारतो. मग त्याच्यापुढे प्रिझम, म्हणजे पाचरीसारखी काच, धरायची. एकापेक्षा एक जाड. ज्या प्रिझमला उडी थांबते त्यावर लिहिलेला आकडा म्हणजे माप. त्या मापावरून डॉक्टर ठरवतात की स्नायू कापून किती मिलिमीटर मागे शिवायचा. सुरी त्यांची, आकडा माझा. ऑपरेशन छान झालं की पेढ्यांचा पुडा डॉक्टरांच्या टेबलावर जायचा. बिघडलं की डॉक्टर माझ्या खोलीत यायचे.

माझे नियम दोनच होते. पहिला: पेशंटच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, डोळा काय करतो ते बघायचं. दुसरा: हनुवटी. दोन दिसणारा माणूस नकळत मान अशी धरायला शिकतो की दोनचं एक व्हावं. हनुवटी बोटभर वर गेली तरी आकडा खोटा येतो. म्हणून दर आकड्याआधी पेशंटच्या हनुवटीला हात लावून ती सरळ करायची, मग तो कुणी का असेना. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलीला मी हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं की त्या माझ्या पाठीमागे मला "हनुवटी मॅडम" म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

पेशंट खोटं बोलतात. यात नवल काही नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना दोन दिसायचं. पण त्यांच्या मते त्यांचे डोळे ठीक होते, माझं भिंतीवरचं अक्षरच वाकडं छापलेलं होतं. ते त्यांनी मला लेखी दिलं. विरारच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. आठवड्यावर लग्न. "मॅडम, पूर्ण नीट नाही झालं तरी चालेल, फक्त फोटोमध्ये स्ट्रेट दिसली पाहिजे. बाद में देखेंगे." मी म्हटलं, बाद में नवरा बघेलच. त्या ट्रस्टींकडे माझी तक्रार घेऊन गेल्या.

आणि एक चांदीप गावचे काशिनाथ. साठीचे, मोगऱ्याची शेती करणारे. त्यांना थायरॉइडचा डोळ्यांचा आजार झाला होता. हा आजार समजून घ्या, पुढे लागणार आहे. थायरॉइड बिघडतो तेव्हा काही जणांच्या डोळ्यांचे स्नायू आधी सुजतात आणि मग आक्रसून ताठ होतात. बहुतेक वेळा डोळ्याखालचा स्नायू. मग तो डोळा खाली ओढलेला राहतो, वर वळतच नाही, आणि एकाखाली एक अशा दोन वस्तू दिसतात. यावर ऑपरेशन आहे, पण लगेच नाही. आधी आजार शांत व्हावा लागतो. दर तीन महिन्यांनी माप घ्यायचं, आणि ते सहा महिने तेच राहिलं तरच सुरी उचलायची. घाई केली तर शिवलेला स्नायू पुन्हा आक्रसतो आणि सगळं मुसळ केरात.

काशिनाथांना थांबायचं नव्हतं. "कळी खुडाला हात घालतो तं कळी तिथं नसतेच, बाय," ते म्हणाले होते. "बाजूच्या पानाला चिमटा बसते. पोरा हसतान." दुसऱ्या मापाला आले ते एकदम खुशीत. "आता येकच दिसते. बराबर झाला. करून टाका आपरेशन." माझ्या लक्षात आलं. मी मुद्दाम असा प्रिझम त्यांच्या डोळ्यापुढे धरला की निरोगी माणसालाही दोन दिसावं. "किती?" म्हटलं. "येकच." मी त्यांना बाहेरच्या बाकांवरच्या पंचवीस माणसांसमोर झापलं. म्हटलं, एवढं खोटं बोलायचं तर इथे कशाला येता, डोळे काढून माझ्या टेबलावर ठेवा आणि जा मोगरा खुडायला. बाकांवरचे लोक हसले. काशिनाथांनी टोपी सारखी केली आणि गेले. तिसऱ्या मापाला ते आले नाहीत. मी त्यांच्या केस पेपरवर "असहकारी" असा शेरा मारला, म्हणजे हॉस्पिटल त्यांना पुन्हा बोलावणं पाठवणार नव्हतं, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

मग हा आजार मला झाला.

निवृत्तीला दोन वर्षं होती. माझे डोळे मोठे दिसायला लागले, वजन उतरलं, छाती धडधडायला लागली. एकोणतीस वर्षांत असे शेकडो चेहरे मी दारातूनच ओळखले, आणि स्वतःचा चेहरा रोज आरशात बघून मला कळलं नाही. वटारच्या आमच्या आळीत बायका म्हणाल्या, "सेलिन, किती बारीक झालीस, काय करतेस?" मी त्यांना सकाळी चालायला जाते असं सांगायचे. माझा नवरा पास्कल वाडीत केळी करतो, दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा बोलत नाही. तो एवढंच म्हणाला, "हल्ली माझ्याकडे रागाने बघतेस." आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो, इथे शुद्ध करून लिहिते आहे, कारण आमची बोली फक्त गंमत म्हणून छापतात. मी म्हटलं, "तुझ्याकडे आणखी कसं बघायचं?" थोडक्यात, डॉक्टरकडे जायला मी चार महिने उशीर केला. पेशंटने केलं असतं तर मी त्याची खैर ठेवली नसती.

एका रविवारी चर्चमध्ये मिस्सेला वेदीवर दोन फादर दिसले, एकाच्या डोक्यावर दुसरा. प्रवचन आमच्याकडे एका फादरचंच पुष्कळ होतं. मी हनुवटी वर केली. दोघांचे एक झाले. तेव्हा मला सगळं कळलं, आणि उरलेली मिस्सा मी बसून काढली.

त्यानंतर जो तो डॉक्टर झाला. कुणी गाजराचा रस सांगितला, कुणी अनवाणी गवतावरून चालायला. जावेने फोनवर व्हिडिओ पाठवला, त्यात एक गृहस्थ डोळे गरागरा फिरवून थायरॉइड घालवत होते. शेजारच्या मावशींनी डोळ्यांच्या संतिणीचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरला. निदान त्याला चव तरी नव्हती.

हॉस्पिटलात मला एका डोळ्यावर पट्टी लावून केस पेपरच्या खिडकीवर बसवलं. नाव, गाव, वय, पहिल्यांदा आलात का जुने. खिडकीतून सरळ बघितलं की कॉरिडॉरच्या टोकाला माझी खोली दिसायची. तिथे आता निमिषा बसत होती. निमिषा विरारची, दोन मुलांची आई, माझ्या हाताखाली नऊ वर्षं शिकलेली. मला एवढंच हवं होतं: निवृत्त व्हायच्या आधी त्या खोलीत, त्या खुर्चीवर परत बसायचं. खिडकीवरून घरी जायचं नव्हतं. यात सेवाभाव शोधू नका. मला माझी खुर्ची हवी होती.

पहिलं माप निमिषाने घेतलं. अठरा. तीन महिन्यांनी दुसरं. मला घरी कळत होतं की वाढलंय. केळीच्या एका लोंगराचे दोन लोंगर आधी एकमेकांपासून हातभर अंतराने दिसायचे, आता दीड हाताने. वाढलं म्हणजे सहा महिन्यांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. मी पेशंटच्या खुर्चीवर बसले. समोर तेच अक्षर. हनुवटी किती वर केली की आकडा किती उतरतो हे या तालुक्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मी ती वर केली, अगदी थोडी, पाठ ताठ करून बसल्यासारखी.

निमिषाचा हात माझ्या चेहऱ्यापर्यंत आला आणि थांबला. "मॅडम, जरा..." ती म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. ज्या नजरेने मी नऊ वर्षं तिच्याकडे बघत आले, त्याच. तिने हात मागे घेतला. प्रिझम धरला. अठरा.

तिसऱ्या वेळीही अठरा. डॉक्टर खूश झाले. ते स्वतःही एकदा घाईत झाकण लावून बघून गेले, तेव्हा त्यांना जास्त वाटलं होतं. पण केस पेपर बघून म्हणाले, "तुमच्या खोलीचा आकडा आहे म्हणजे माझंच चुकलं असेल." एकोणतीस वर्षांत माझ्या कामाचं त्यांनी केलेलं हे एकमेव कौतुक.

ऑपरेशनला भूल देतात. डोळा बाहेर काढून ठेवत नाहीत, हे सांगायला हवं, कारण अजूनही लोक तसं समजतात. डोळ्यावरचा पातळ पडदा उघडतात, खालचा ताठ झालेला स्नायू त्याच्या जागेवरून सोडवतात आणि मागे सरकवून शिवतात. पण टाका पक्का बांधत नाहीत, सरकगाठ ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंटला बसवतात, डोळ्यात बधिर करायचे थेंब घालतात, आणि समोर बघायला लावून विचारतात: एक की दोन? त्याप्रमाणे दोरा ओढायचा किंवा सैल सोडायचा, मग गाठ मारायची. माझी गाठ मारली तेव्हा मला एक दिसत होतं. खरोखर एक. मी निकालाच्या दिवशीच्या मुलीसारखी घरी गेले.

एकवीस दिवस मी माझ्या खुर्चीवर बसले. बाविसाव्या दिवशी एका पेशंटच्या चेहऱ्यावर मला चार डोळे दिसले.

दीड महिन्यात सगळं पहिल्याहून वाईट झालं आणि मी पुन्हा पट्टी लावून खिडकीवर आले. आजार शांत झालाच नव्हता, तो इतक्यात होणारही नव्हता. हे मी रोज पेशंटना ओरडून सांगायचे. डॉक्टरांनी पेपर काढून बघितला. अठरा, अठरा, अठरा. त्यांनी निमिषाला बोलावलं आणि माझ्यासमोर विचारलं, "ही मापं कुणी घेतली?"

"मी, सर."

"तिन्ही?"

"हो, सर. माझंच काहीतरी चुकलं असेल."

त्यांनी तिला महिनाभर मापाच्या खोलीतून काढलं. मी शेजारी उभी होते, पट्टी लावून. मला बोलता येत होतं. घशाला काही झालेलं नव्हतं. मी बोलले नाही. बोलले तर खुर्ची कायमची गेली, असा हिशेब मनात चालला होता. पेशंटच्या खोटेपणावर एकोणतीस वर्षं व्याख्यानं झोडणाऱ्या बाईचं हे शौर्य.

निमिषाला कुठे पाठवलं? खिडकीवर. माझ्या शेजारच्या स्टुलावर. पाच दिवस आम्ही नावं लिहीत बसलो. ती मला डबा उघडून द्यायची, चहा आणायची, "मॅडम, थोडी सरका ना, ऊन येतंय" म्हणायची. तिने एकदा जरी टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

सहाव्या दिवशी खिडकीत एक टोपी दिसली. खाली काशिनाथ. मी पट्टीत आणि मास्कमध्ये, त्यांनी ओळखलं नाही. जुना, मळका केस पेपर त्यांनी आत सरकवला. त्यावर माझ्याच अक्षरात "असहकारी".

"दोन वर्षं कुठे होता, बाबा?" निमिषाने विचारलं.

"आलो नाय." ते खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "आतमदी ती वरडनारी बाय हाय का अजून?"

निमिषाने माझ्याकडे बघितलं नाही. "नाही," ती म्हणाली. "त्या आता आत नसतात."

"मंग बरा झाला. मना माप द्याचा हाय." त्यांनी टोपी सारखी केली. "मी खोटा बोललो व्हतो तिला. पन हसवाला नको व्हता तिना लोकांना."

बाबा बाकावर जाऊन बसले. हनुवटी वर करून, आमच्या सगळ्यांसारखे. मी पेन खाली ठेवलं.

"तू हात का मागे घेतलास?" मी निमिषाला विचारलं.

तिने शिक्क्याचं पॅड सरळ केलं. "तुमच्या हनुवटीला हात कसा लावणार, मॅडम? मी परीक्षेला जाताना तुमच्या पाया पडून गेले होते."

"तुला दिसलं होतं ना, मी मान वर केली ते?"

"दुसऱ्या मापालाच दिसलं." मग म्हणाली, "तुम्ही शिकवलंत की पेशंटवर विश्वास ठेवायचा नाही. पण तुम्हाला पेशंट समजायचं, ये मुझसे हुआ ही नहीं."

मी उठले आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. ओपीडी चालू होती, आत कुणीतरी आजी बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच सांगितलं: तिन्ही आकड्यांतला पहिला खरा, पुढचे दोन मी हनुवटी वर करून पाडून घेतले, त्या मुलीचा काही दोष नाही. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "तुम्ही?" एवढंच म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आजी मला म्हणाल्या, "बस बाय, उभी राहू नकोस," आणि स्वतःचं स्टूल पुढे केलं. निमिषाची माफी डॉक्टरांनी मागितली नाही, त्यांना ती सवय नाही. पण त्याच दुपारी ती खोलीत परत गेली. मी तिची माफी मागितली, ती तिने "अरे मॅडम, जाऊ दे ना" म्हणून झटकून टाकली. मला ती पुरती मिळालेली नाही, आणि तसंच असावं.

त्या दुपारी काशिनाथांचं माप तिने घेतलं. खिडकीतून मला दिसत होतं. तिने त्यांच्या हनुवटीला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, ओरडा पडणार असं वाटून. ती काहीतरी बोलली आणि दोघं हसले. त्यांचा आजार केव्हाच शांत झाला होता. वेळेवर बोलावलं असतं तर दीड वर्ष आधी त्यांचं ऑपरेशन झालं असतं. त्या दीड वर्षाचा मोगरा त्यांनी चाचपडत खुडला, आणि ते माझ्या एका शेऱ्यामुळे. त्यांचं ऑपरेशन माझ्या दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी झालं. मी त्यांना माझं नाव सांगितलेलं नाही. हा अंक चांदीपपर्यंत पोचला तर कळेल.

मी खिडकीवरूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात ट्रस्टींनी मला शाल दिली आणि "मॅडमनी हजारो रुग्णांना दृष्टी दिली" असं सांगितलं. दृष्टी कुणी दिली नाही, मी आकडे दिले. त्यातले दोन खोटे.

खरी मापं घ्यायला वर्ष गेलं. चोवीस, सव्वीस, सव्वीस, सव्वीस. पहिल्या दोन वेळा निमिषाने आधी विचारलं, "लावू का हात?" तिसऱ्या वेळेपासून तिने विचारणं सोडलं.

दुसरं ऑपरेशन गेल्या पावसाळ्यानंतर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्याच खुर्चीवर बसवलं. डोळ्यात थेंब घातले, डोळ्यातून दोऱ्याची दोन टोकं लोंबत होती. डॉक्टर समोर चिमटा घेऊन बसले. निमिषा माझ्या मागे उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली. हळुवार वगैरे नाही. घट्ट, मी शिकवली होती तशी.

भिंतीवरचं अक्षर एक होत आलं होतं. खालच्या बाजूला एक बारीक सावली राहिली होती, नखाएवढी. ती सावली दुसऱ्या कुणाला कळली नसती. डॉक्टर दमले होते, बाहेर पास्कल सकाळपासून उभा होता, आणि मला घरी जायचं होतं. हनुवटी केसभर वर केली असती तर सावली गेली असती. मान आपोआप तिकडे निघाली. निमिषाच्या बोटांनी ती जागच्या जागी दाबून ठेवली.

"एक की दोन?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन," मी म्हटलं.

त्यांनी दोरा थोडा सैल सोडला. "आता?"

मी नीट बघितलं. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी केस पेपरसाठी वाद घालत होतं. माझ्या हनुवटीवरचे हात हलले नाहीत.

"अजून दोन," मी म्हटलं.